पुलापलीकडचा झेंडेवाला

पहिल्याच डावात सासूबाईंनी माझं राज्य अकराव्या फेरीत संपवलं. त्या अकरा फेऱ्यांत त्यांनी चहा घेतला, चष्मा पुसला, बहिणीचा फोन आला तो घेतला, आणि फोनवर बोलता बोलताच माझ्या राजकिल्ल्यावर स्वतःचा झेंडा लावला. "काही नाही गं, जावईबापूंशी जरा खेळतेय," असं त्या बहिणीला म्हणाल्या. त्या 'जरा'चा मला इतका राग आला, की मी टॅबलेट उशीवर आपटला. टेबलावर नाही आपटला. वस्तू जपून वापरायची माझी सवय रागातसुद्धा सुटत नाही.

मी बिस्किटांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बिस्किटांचं नाही, यंत्रांच्या सुट्या भागांचं: बेअरिंग, पट्टे, साखळ्या, नाना आकारांचे स्क्रू. सव्वीस वर्षं तेच करतोय. माझ्या प्रत्येक खणावर मी स्वतःच्या हातानं एक लाल रेघ मारलेली आहे. साठा त्या रेघेपर्यंत आला, की ती वस्तू मी कुणालाही देत नाही, मग मागायला साक्षात मॅनेजर येवो. लोक मला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे कुलूप म्हणतात. दोन्ही मला मान्य आहे.

घरीही तोच प्रकार. आमच्या घराची मागची खोली माझ्या खोक्यांनी भरलेली होती. जुने नळ, वायरींची भेंडोळी, बंद पडलेल्या मिक्सरची भांडी, बिनचाव्यांची कुलपं आणि बिनकुलपांच्या चाव्या. प्रत्येक खोक्यावर मी काय आहे ते लिहून खाली 'लागेल कधीतरी' असं लिहीत असे. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, पण त्या खोलीकडे तिनं गेली पंधरा वर्षं कानाडोळाच केला होता.

ती खोली रिकामी झाली सासूबाईंमुळे.

सासूबाई चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून वॉर्डातलाच. राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, एकट्या, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. एके सकाळी ब्रेड आणायला उतरताना दुसऱ्या मजल्याच्या खाली त्या जिन्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन वर राहिला होता. हाका मारल्या, पण शेजारीपाजारी कामाला गेलेले. तीन तास त्या तिथं पडून होत्या. शेवटी विजेचे मीटर बघायला आलेल्या बाईला त्या दिसल्या आणि ती किंचाळली. तर सासूबाईंनी त्या अवस्थेतही तिला सांगितलं, "घाबरू नकोस. आधी खाली बस आणि खोल श्वास घे."

ऑपरेशन झालं. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. माझी खोकी मागच्या खोलीतून निघाली आणि बाहेरच्या बोळकांडीत भिंतीला लागून छातीइतकी उंच उभी राहिली. सासूबाईंचा वॉकर जाता-येता त्यांना धडकायचा आणि दर धडकेला मला खोलीतून एक शेरा ऐकू यायचा.

आमची मुलगी दुसऱ्या शहरात शिकते. आजीला कंटाळा येऊ नये म्हणून तिनं आजीच्या टॅबलेटमध्ये 'नऊ किल्ले' नावाचा खेळ भरून दिला आणि स्वतःचा जुना टॅबलेट माझ्या हातात ठेवला. "बाबा, आजीला जोडीदार लागेल," म्हणाली. तिला वाटलं असेल, दोघं निवांत बसून खेळतील.

निवांत कसलं! डोंगर, नद्या आणि दलदल असलेल्या प्रदेशात नऊ किल्ले. दोन राज्यं, प्रत्येकाचा एक राजकिल्ला. धान्य पिकवायचं, लोखंड खणायचं, जादूचं तेल गाळायचं आणि त्यातून सैन्य उभं करायचं: धनुर्धारी, ढालवाले, खेचरवाले, झेंडेवाले, वेताळ. वेताळ पावसात दुप्पट जोर धरतात आणि उन्हात झोपा काढतात. डोंगरावरच्या घरट्यांतून अग्निपक्ष्यांची अंडी मिळतात, ती उबवायला ढीगभर तेल लागतं, आणि बाहेर आलेला पक्षी एकदाच हल्ला करून जळून जातो. जखमी शिपायाला मलम लावून वेळेत मलमपट्टीच्या तंबूत नेलं तर तो वाचतो. साठ फेऱ्यांच्या आत समोरच्याचा राजकिल्ला घेतला तर जिंकलात. नाही घेतला, तर साठाव्या फेरीला ज्याच्याकडे जास्त किल्ले तो जिंकला. नियमांची पानं एकशे चाळीस. मी ती सगळी वाचली, पेन्सिलीनं टिपणं काढली. सासूबाईंनी एकही पान उघडलं नव्हतं.

पैज लागली ती पहिल्याच आठवड्यात. संध्याकाळी बायको आईच्या पायांना तेल चोळता चोळता म्हणाली, "आई, आता इथंच राहा ना."

"डॉक्टर सहा आठवडे म्हणालेत. सहा आठवडे राहीन. सातव्यात माझ्या घरी."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"घर तिथं आहे, त्याला मी काय करू?"

"आणि परत पडलीस म्हणजे?"

"परत उठेन. चौतीस वर्षं पेशंट सांभाळले मी. आता मला कुणाचा पेशंट व्हायचं नाहीये."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मग बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला, आणि नळाखाली भांडं नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारानंतर मला तो आवाज ओळखता येतो. आई एकटी राहायला लागल्यापासून ही बाई फोन उशाशी घेऊन झोपायची आणि दिवसातून तीनदा, कामात असली तरी, 'सहज केला' म्हणून फोन करायची. ज्या दिवशी सासूबाई पडल्या, त्या दिवशी सकाळचा फोन तिनं गिऱ्हाइकांच्या गर्दीत केला नव्हता. हे ती कधी बोलून दाखवत नाही.

अशा वेळी माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. मी म्हणालो, "आई, मी तुम्हाला या खेळात हरवलं तर राहाल?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खुबा धरून बसावं लागलं. "तुम्ही? मला?"

"एकदा. सहा आठवड्यांत फक्त एकदा."

"राहीन की. कायमची राहीन. आणि नाही हरवलंत, तर सातव्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी निघाले, आणि त्यावर या घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. नळसुद्धा सोडायचा नाही."

बायकोला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या आईचं काय होणार ते तुमचे वेताळ ठरवणार?"

"वेताळ फक्त पावसात," मी म्हणालो. त्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

खरं सांगायचं तर ते फक्त बायकोसाठी नव्हतं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर माझं चुकलं की तोंडावर सांगणारं मोठं माणूस मला कधी मिळालंच नाही. सासूबाई आल्या आणि आठ दिवसांत त्यांनी माझा शर्ट, माझं चहा ढवळणं, माझी खोकी आणि माझं राज्य चालवणं, सगळ्याचे वाभाडे काढले. मला त्याचा राग यायचा आणि संध्याकाळी सहा वाजले की मी धावत घरी यायचो.

दुसऱ्या आठवड्यात मी दहा डाव हरलो, पण आता अकराव्या फेरीत नाही. मला नकाशा कळायला लागला. नदी कुठं उथळ आहे, कुठल्या खिंडीत दहा धनुर्धारी शंभर जणांना अडवतात, पुढं टेहळ्या पाठवल्याशिवाय एक पाऊलही का टाकायचं नाही, हे सगळं मार खाऊन कळलं. मी कारखान्यातली एक कोरी वही आणली, अर्थात रीतसर सही करून, आणि प्रत्येक डावाची नोंद ठेवायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा साठाव्या फेरीपर्यंत टिकलो. मी सहाविरुद्ध तीन किल्ल्यांनी हरलो, तरी माझी छाती फुगली होती.

डाव संपला की खेळ दोघांचा खप, मेलेले-जखमी आणि शिल्लक साठा दाखवतो. सासूबाईंनी माझा टॅबलेट ओढून घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला लागल्या. "धान्य चार हजार दोनशे. लोखंड नऊशे. तेलाचे तीनशे बुधले. अग्निपक्ष्यांची अंडी चौदा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चौदा! ही काय शोकेसमध्ये मांडणार होतात?"

"पुढं गरज पडली तर असावीत म्हणून..."

"पुढं म्हणजे कुठं? साठावी फेरी झाली. राज्य बुडालं तुमचं. आता त्या अंड्यांचं काय करायचं?"

"पक्षी एकदाच वापरता येतो, आई. वापरला की संपला."

"अहो, मग वापरायचा तरी कधी? तो मेल्यावर का तुम्ही मेल्यावर?" मग त्या जरा मागं टेकल्या. "आमच्या हॉस्पिटलात एक स्टोअरवाला होता. रविवारी कपाटाला कुलूप घालून गेला. आत इंजेक्शनं, बाहेर माझा पेशंट निळा पडतोय. विचारलं, तर फोनवर म्हणतो, शेवटची पेटी आहे, राखून ठेवलीय."

"मग?"

"मग काय. कुलूप फोडलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना असतो ना, त्यानं. तीन घावांत."

त्यांना कारखान्यातलं माझं नाव माहीत नव्हतं. तरी माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, हे लपवायला मी उगाच खोकलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोरमन माझ्या खिडकीशी आला. दोन नंबरच्या पट्ट्याचं बेअरिंग गेलं होतं, कच्च्या बिस्किटांच्या रांगा भट्टीच्या तोंडाशी अडकून पडल्या होत्या. त्या मापाचं एकच बेअरिंग शिल्लक होतं, लाल रेघेच्या खाली. फोरमनलाही ते माहीत होतं. तो मागायला आलाच नव्हता, नुसता माझ्यावर डाफरायला आला होता. "राहू द्या तुमच्याकडे," म्हणाला, "पूजा करा त्याची."

मी आत गेलो, बेअरिंग आणलं आणि खिडकीतून त्याच्यापुढं ठेवलं. फोरमननं ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं, फिरवून पाहिलं. "यात काही दोष आहे का?"

"नाही."

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

पट्टा दहा मिनिटांत सुरू झाला. मी दिवसभर तो रिकामा खण उघडून बघत राहिलो. आता दुसरं गेलं तर, असं शंभरदा मनात आलं. तीन दिवसांनी नवीन बेअरिंग आली, दुसरं काही गेलं नाही, आणि फोरमन जाता-येता मला हसून हात करायला लागला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

चौथ्या आठवड्यापासून माझा खेळ बदलला. धान्य जमलं की सैन्य, लोखंड जमलं की ढाली. हात आखडता घेणं कमी झालं. अंडी मात्र अजून उबवत नव्हतो, तेवढं काळीज अजून झालं नव्हतं. तरी पाचव्या आठवड्यात मी चारविरुद्ध पाच अशा एकाच किल्ल्यानं हरलो आणि सासूबाईंनी त्या दिवशी खेळताना चहा घेतला नाही. ही मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी होती.

पण शाबासकीनं पैज जिंकता येत नाही. सहावा आठवडा निम्मा संपला होता. बायकोनं आईची बॅग काढून झटकून ठेवली होती. झटकताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

शुक्रवारी मी वही घेऊन बसलो. एकतीस डाव, एकतीस हार. आता एक गोष्ट मला या जन्मात नीट जमते. कोणती वस्तू किती खपते, त्यावरून कारखान्यात काय चाललंय ते मी खुर्चीतून न उठता सांगू शकतो. वंगण जास्त जायला लागलं की समजावं, कुठंतरी यंत्र घासतंय. म्हणून मी सासूबाईंच्या लढाया सोडून त्यांचा खप काढला. धान्य बेताचं. तेल बेताचं. मलम मात्र माझ्या सहापट! आणि दुसरं म्हणजे, एकतीस डावांत त्यांचे शेकडो लोक मेले होते, पण जखमी होऊन मागे राहिलेला असा एकही मेला नव्हता. एकही नाही. मी पानं उलटत गेलो. नवव्या डावात एका लंगड्या खेचरवाल्याला आणायला त्यांनी आठ फेऱ्या घालवल्या होत्या. बाविसाव्यात एका धनुर्धाऱ्यासाठी जिंकत आलेला किल्ला सोडला होता. त्या इतक्या झपाट्यानं खेळायच्या, की तरीही जिंकायच्या, म्हणून माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

चौतीस वर्षं वॉर्डात काढलेलं माणूस कुणाला विव्हळत सोडून पुढं जाऊ शकत नाही. पडद्यावरचं, बोटाएवढं असलं तरी.

वही मिटली तेव्हा मला आनंद झाला होता आणि थोडी लाजही वाटत होती. माणसाच्या चांगुलपणात पाचर मारून जिंकायचं, हे काही बरं नव्हे. शनिवारभर मी विचार करत राहिलो. मग मला जिन्यातले ते तीन तास आठवले आणि माझा निर्णय झाला.

रविवारी सकाळी दहाला शेवटचा डाव सुरू झाला. सासूबाईंची बॅग बोळकांडीत माझ्या खोक्यांना टेकून उभी होती. सोमवारी सकाळची गाडी सांगून झाली होती. बायको आमच्या दोघांच्या मधे खुर्ची घेऊन बसली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ती हलायला तयार नव्हती.

चाळीस फेऱ्या आम्ही तोडीस तोड खेळलो. एकेचाळिसाव्या फेरीत सासूबाईंनी मोठी फौज काढली आणि नदीवरचा पूल ओलांडून माझ्या पूर्वेच्या किल्ल्याला वेढा घातला. फौजेच्या शेवटी त्यांचा झेंडेवाला होता. तो पूल उतरून पलीकडे पाऊल टाकतो न टाकतो, तोच झाडीत लपवलेल्या माझ्या धनुर्धाऱ्यांनी त्याच्यावर बाण सोडले. तो पडला. मेला नाही, त्याच्यात एका श्वासापुरता जीव उरला होता. आणि मी माझे धनुर्धारी सरळ मागे घेतले.

सासूबाईंचं बोट पडद्यावर येऊन थांबलं. वेढ्यातली फौज माझ्या किल्ल्याच्या तटाखाली अडकली होती, वेढ्याच्या नियमानं ती तीन फेऱ्या हलू शकत नव्हती. झेंडेवाला दोन फेऱ्यांत मरणार होता. त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचतील अशा दोनच तुकड्या होत्या: त्यांच्या राजकिल्ल्याच्या दारावरच्या ढालवाल्यांच्या.

"त्याला मारला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

मी टॅबलेट मांडीवर सरळ केला.

"सापळा आहे हा."

"तुमची चाल आहे, आई."

"मला दिसतंय हो सापळा आहे ते." त्यांनी बोटानं राजकिल्ल्यापासून झेंडेवाल्यापर्यंतची वाट मोजली. मग म्हणाल्या, "पण तो तिथं पडलाय ना." आणि त्यांनी दोन्ही तुकड्या राजकिल्ल्याच्या बाहेर काढल्या.

आता माझी पाळी होती. कोठारात चौदा अंडी, एक डावभर जमवलेलं तेल, धान्य. अंडी तर आजवर हाताला लागली की बाजूलाच ठेवली होती. मी पहिलं अंडं उबवलं. मग दुसरं, मग तिसरं. तेलाचा आकडा घसरत घसरत शून्यावर आला. धान्य सगळं फौजेच्या दौडीला लावलं, तेही शून्य. चौदा पक्षी डोंगरावरून उठले, त्यांच्या रिकाम्या राजकिल्ल्यावर कोसळले आणि जळून गेले. चव्वेचाळिसाव्या फेरीत तिथं माझा झेंडा लागला. खेळानं तुतारी वाजवली. माझ्या कोठारात एक दाणा शिल्लक नव्हता आणि मला उगाचच खूप हलकं वाटत होतं.

"काय झालं?" बायको म्हणाली. "कोण जिंकलं? सांगा ना कुणीतरी!"

सासूबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता आपली हजेरी घेतली जाणार. त्या म्हणाल्या, "तो झेंडेवाला... पोहोचला का तंबूत?"

मी नकाशा वर सरकवून पाहिलं. मलमपट्टीच्या तंबूत तो बसलेला होता, शेजारी दोन ढालवाले. "पोहोचला. वाचला."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांच्यातली मेट्रन जागी झाली. "पण हे काही खेळून जिंकणं नव्हे, जावईबापू. माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत तुम्ही."

"ठेवलं."

"अशा जिंकण्यावर मी माझं घर सोडायचं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पार पडला होता. मी टॅबलेट बाजूला ठेवला.

"पैज सोडली मी," मी म्हणालो. "उद्या जायचं तर खुशाल जा, कुणी नळ सोडणार नाही. फक्त एकच सांगतो, आई. तीन तास तुम्ही त्या जिन्यात पडून होतात. त्या दिवसापासून तुमच्या लेकीला नीट झोप नाही आणि मलाही नाही. तुम्ही एक खोटा झेंडेवाला पुलापलीकडे टाकून जाऊ शकत नाही, त्यापायी राज्य घालवलंत. मग आम्ही तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर टाकून इथं कसं जेवायचं?"

बायको मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, बराच वेळ, पेशंटचा ताप बघावा तशा.

"हाही सापळाच आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

"मला दिसतंय." त्यांनी हात लांब करून लेकीच्या बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडवली. "अगं, फोन कर त्या गाडीवाल्याला. म्हणावं, उद्या नको. कधीच नको."

बायकोला रडू कोसळलं आणि त्यातच ती हसायला लागली. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. सासूबाई मात्र वॉकर धरून उभ्या राहिल्या होत्या आणि बोळकांडीकडे निघाल्या होत्या. तिथून धडक बसल्याचा आवाज आला.

"जावईबापू! मी इथं राहायचं असेल तर ही खोकी आजच्या आज गेली पाहिजेत. आणि संध्याकाळी सहाला दुसरा डाव. या वेळी पूल माझ्याकडे."

मी उठलो. सगळ्यात वरच्या खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'जुने नळ, लागतील कधीतरी'. मी ते न उघडताच उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं.